म्हैसूरहून चंद्राकडे : काही विज्ञानकादंबऱ्या

माझी भाची म्हैसुरात वाढली. घरात मराठी, शाळेत इंग्रजी आणि दारात कन्नड, अशा तीन भाषांच्या संगमावर तिचे बालपण गेले. ती आता अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात आहे. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मामा, मराठी वाचायची सवय सुटत चालली आहे. काही तरी द्या. पण घरगुती रडगाणी नकोत, उपदेशही नको. मला यंत्रे आवडतात, तारे आवडतात. त्यांच्या कादंबऱ्या आहेत का काही?"

प्रश्न साधा होता, पण मला तो साधा वाटला नाही. परमुलखात वाढलेले मूल आपण होऊन भाषेच्या दाराशी येते आणि आत काय आहे असे विचारते, तेव्हा उत्तर चुकले तर ते पुन्हा विचारील याचा भरवसा नसतो. म्हणून मी तिला लगेच उत्तर दिले नाही. चार दिवस विचार करून एक यादी केली. ती यादी, आणि तीत एकेक पुस्तक का घेतले याची कारणे, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम विज्ञानकादंबरी कशाला म्हणावयाचे, हे पाहू. अरबी कथांतला राक्षस दिव्यातून बाहेर येतो आणि क्षणात राजवाडा उभा करतो. तो कसा, हे आपण विचारीत नाही. विचारले तर गोष्टच संपते. विज्ञानकथेत मात्र हा ‘कसा’ विचारण्याचा हक्क वाचकाला असतो. लेखकाने एखादी नवी गोष्ट गृहीत धरावी, तेवढी सवलत त्याला आहे. पण ती एकदा धरल्यावर पुढचे सारे निसर्गनियमांना आणि मनुष्यस्वभावाला धरून चालले पाहिजे. भूमितीत जसे गृहीतकावरून सिद्धान्त निघतात, तसे येथे एका कल्पनेवरून कथानक निघते. या कथानकाच्या मुळाशी दोनच प्रश्न असतात. एक भविष्याकडे तोंड करून विचारलेला : ‘असे झाले तर?’ दुसरा भूतकाळाकडे वळून विचारलेला : ‘असे झाले असते तर?’ पहिल्यातून अंतराळप्रवासाची कादंबरी निघते, दुसऱ्यातून पर्यायी इतिहासाची.

अंतराळप्रवासाची सुरुवात ज्यूल व्हर्नपासून करावी. १८६५ साली या फ्रेंच लेखकाने पृथ्वीवरून चंद्राकडे जाण्याची कादंबरी लिहिली. फ्लॉरिडा प्रांतात जमिनीत नऊशे फूट लांबीची तोफ ओतायची, तिच्या गोळ्यात माणसे बसवायची आणि गोळा चंद्राकडे उडवायचा, ही त्याची योजना. गोळ्याला किती वेग हवा, हे त्याने बरोबर धरले आहे : सेकंदाला सुमारे अकरा किलोमीटर. चूक दुसरीकडे आहे, आणि ती तरुण वाचकाने स्वतः शोधावी इतकी बोधप्रद आहे. नऊशे फुटांच्या नळीत हा वेग गाठायचा तर प्रवाशांवर पडणारा दाब त्यांच्या स्वतःच्या वजनाच्या सुमारे बावीस हजार पट होईल. म्हणजे चंद्र दूरच राहिला, तोफेच्या तोंडापर्यंतही कोणी जिवंत पोहोचणार नाही. ही आकडेमोड मी भाचीपुढे ठेवली तेव्हा तिने पाच मिनिटांत ती पडताळून पाहिली, आणि मग हसत हसत ते पुस्तक वाचायला घेतले. चूक कळल्यावर कादंबरीची गोडी कमी होत नाही, उलट वाढते. वेग एकदम न देता हळूहळू वाढवीत नेला पाहिजे हे ज्याला कळले, त्याला तोफ सोडून अग्निबाण का धरावा लागला हेही कळते. रशियातील त्सिओल्कोव्स्की या बहिऱ्या शिक्षकाने हाच विचार केला. अग्निबाणाने अंतराळात जाण्याचे गणित त्याने १९०३ साली प्रसिद्ध केले, आणि या विचाराचे पहिले बीज आपल्या मनात व्हर्नने पेरले, असे त्याने मोकळेपणाने सांगितले आहे.

मराठी वाचकाला व्हर्न परका नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोचीनला सुरू झालेल्या ‘केरळकोकिळ’ या मराठी मासिकात, कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या संपादकत्वाखाली, व्हर्नच्या चंद्रप्रवासाचे मराठी रूप विसाव्या शतकाच्या आरंभी क्रमशः येऊ लागले. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, मल्याळी मुलखात जन्मलेल्या मासिकाने मराठी वाचकाला चंद्रावर नेण्याचा घाट घातला, ही गोष्ट म्हैसुरात बसून वाचणाऱ्या मुलीला मी मुद्दाम सांगितली. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्नला खऱ्या अर्थाने मराठी मुलांच्या हाती दिले. ‘चंद्रावर स्वारी’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ ही नावेच पाहा. त्यांत भाषांतराचा वास नाही. घरच्या माणसाने घरच्या मुलांना हाक मारावी तशी ती आहेत.

व्हर्ननंतर एच. जी. वेल्स. या दोघांचे एकमेकांशी पटले नसते. चंद्रावर जाण्यासाठी वेल्सने गुरुत्वाकर्षण अडविणारा एक काल्पनिक पदार्थ निर्माण केला, तेव्हा व्हर्न वैतागला. आपण पदार्थविज्ञानाचा उपयोग करतो आणि हा मनाला येईल ते शोधून काढतो, अशा आशयाची त्याची तक्रार होती. तक्रार खरी आहे. पण वेल्सचे लक्ष यंत्राकडे नव्हते, माणसाकडे होते. १८९५ सालच्या त्याच्या ‘टाइम मशीन’मध्ये प्रवासी आठ लाख वर्षांपुढच्या काळात जातो आणि त्याला माणसाच्या दोन जाती झालेल्या दिसतात : वर उजेडात राहणारी नाजूक, निरुपयोगी जात, आणि खाली अंधारात यंत्रे चालविणारी, वरच्यांना खाणारी जात. काळप्रवासाची युक्ती केवळ निमित्त; लेखक बोलतो आहे तो आपल्याच काळातील मालक आणि मजूर यांच्याविषयी. १८९८ सालच्या ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मध्ये मंगळावरचे जीव इंग्लंडवर चालून येतात. ही गोष्ट सांगण्यापूर्वीच वेल्स आपल्या देशबांधवांना आठवण करून देतो, की टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचे युरोपीयांनी काय केले ते पाहा, आणि मग मंगळवासीयांच्या निर्दयतेविषयी तक्रार करा. साम्राज्याच्या ऐन भरात हे लिहिले गेले. परक्या सत्तेखाली राहिलेल्या देशातील वाचकाने ही कादंबरी अवश्य वाचावी.

तिसरा लेखक आर्थर क्लार्क. हा इंग्रज १९५६ पासून श्रीलंकेत येऊन राहिला आणि तिथलाच झाला. पृथ्वीपासून सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेवला तर तो आकाशात एका जागी स्थिर दिसेल, आणि असे तीन उपग्रह सर्व जगाला संदेश पोहोचवू शकतील, हे त्याने १९४५ साली मांडले. आज आपल्या देशाच्या अशा उपग्रहांवर देखरेख ठेवणारे मुख्य केंद्र म्हैसूरहून काही तासांच्या वाटेवर, हासनला आहे. क्लार्कची १९७३ सालची ‘रांदेव्हू विथ रामा’ मी यादीत घातली. बाविसाव्या शतकात सूर्यमालेत एक प्रचंड वस्तू शिरते. ग्रीक-रोमन देवतांची नावे देऊन संपली, म्हणून ज्योतिषी तिला आपल्या पुराणांतले ‘राम’ हे नाव देतात. ती पन्नास किलोमीटर लांबीची, आतून पोकळ, दर चार मिनिटांनी एक फेरा घेणारी नळी निघते. या फिरण्यामुळे आतल्या पृष्ठभागावर वजन उत्पन्न होते, समुद्र टिकतो, वारे वाहतात. माणसे आत जातात, पाहतात, थक्क होतात. आणि ती कोणी बनविली, कशासाठी, हे न कळताच परत येतात. ही विश्वरचना आपल्यासाठी उभारलेली नाही, एवढी नम्रता ही कादंबरी शिकविते.

चौथी कादंबरी फ्रेड हॉइल या खगोलशास्त्रज्ञाची, १९५७ सालची ‘द ब्लॅक क्लाउड’. वायूचा एक काळा ढग सूर्य आणि पृथ्वी यांच्यामध्ये येतो. शास्त्रज्ञ गणिताने त्याचे येणे आधी ओळखतात. पण राज्यकर्ते ते मान्य करण्यात वेळ घालवितात. पुढे कळते की ढग सजीव आहे, बुद्धिमान आहे, आणि त्याच्याशी रेडिओच्या लहरींनी बोलता येते. मात्र त्याचे ज्ञान जसेच्या तसे पेलण्याचा प्रयत्न माणसाच्या मेंदूला झेपत नाही. शास्त्रज्ञ प्रत्यक्षात कसे बोलतात, भांडतात, चुका सुधारतात, हे पाहायचे असेल तर हे पुस्तक वाचावे.

हॉइलचे नाव घेतले की त्यांचे शिष्य आठवतात. जयंत नारळीकर १९३८ साली कोल्हापूरला जन्मले. वडील काशीच्या विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक असल्यामुळे वाढले ते काशीत. केंब्रिजला हॉइल यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले. घराबाहेर दुसरी भाषा आणि घरात मराठी, ही स्थिती त्यांचीही होती. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली. आपले नाव पाहून परीक्षकांनी पक्षपात करू नये म्हणून त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ असे नाव घेतले. आपल्याच आद्याक्षरांचा क्रम त्यांनी उलटा केला होता. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. पुढे त्यांनी ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’, ‘व्हायरस’ अशा कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतील ‘वामन परत न आला’ मी भाचीसाठी निवडली. लुप्त झालेल्या एका संस्कृतीचे ज्ञान उत्खननात हाती लागते आणि त्यातून एक बुद्धिमान यंत्र घडते. वामनाने तीन पावलांत काय केले हे मराठी घरात सांगावे लागत नाही. म्हणून शीर्षकातच धोक्याची घंटा ऐकू येते. माणसाने केलेली यंत्रे विचार करू लागली तर काय, हा प्रश्न आज वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला आहे. मराठीत तो चार दशकांपूर्वीच विचारला गेला होता. २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेले. त्यांच्या ज्योतिर्विज्ञानाचे मूल्यमापन जाणकार करतील. पण ‘कृष्णविवर’ हा शब्द शाळकरी मुलांच्या ओठांवर बसविणारा माणूस म्हणून मराठी भाषा त्यांची ऋणी आहे.

नव्या वस्तूला शब्द देणे हे लहान काम नव्हे. १९३५ साली म्हैसुरात मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या राहत्या घरी एक लहानसे ध्वनिक्षेपण केंद्र सुरू केले, आणि त्याला ‘आकाशवाणी’ हे नाव मिळाले. पुराणांतला शब्द, वक्ता दिसत नाही आणि वाणी ऐकू येते, एवढ्या साम्यावर तो नव्या यंत्राला चपखल बसला, आणि पुढे साऱ्या देशाने तो उचलला. जुन्या भाषेत नवे जग मावते, याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

आता दुसरा प्रश्न : ‘असे झाले असते तर?’ हा प्रश्न नवा नाही. शिकंदर पूर्वेऐवजी रोमवर चालून गेला असता तर, हा विचार लिव्ही या रोमन इतिहासकाराने दोन हजार वर्षांपूर्वी केला. आधुनिक काळात या प्रकारातले गाजलेले पुस्तक म्हणजे फिलिप डिक याची १९६२ सालची ‘द मॅन इन द हाय कॅसल’. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी आणि जपान विजयी झाले आहेत, अमेरिका त्यांनी वाटून घेतली आहे, आणि त्या अमेरिकेत एक बंदी घातलेली कादंबरी गुपचूप वाचली जाते. तिचा विषय काय? तर जर्मनी आणि जपान हरले असते तर! जिंकलेले आणि हरलेले, खरे आणि कल्पिलेले, यांची अदलाबदल किती सहज झाली असती, हे वाचताना जाणवते आणि अंगावर काटा येतो. किम स्टॅन्ले रॉबिन्सन याच्या २००२ सालच्या ‘द इयर्स ऑफ राइस अँड सॉल्ट’मध्ये चौदाव्या शतकातल्या प्लेगने जवळजवळ सारा युरोप ओस पडतो, मग जगाचा इतिहास चिनी, मुसलमानी आणि हिंदी लोक घडवितात, आणि यंत्रयुगाच्या आघाडीवर त्रावणकोर उभे राहते. ग्रंथ मोठा आहे, पण दक्षिणेत राहणाऱ्याने तो धीराने वाचावा.

मराठीत या प्रकारची सर्वांत परिचित कृती कादंबरी नाही, कथा आहे : नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा जगात जागे होतात, की जिथे पानिपतावर मराठे जिंकले आहेत. विश्वासरावांना लागलेली गोळी तेथे लागलेलीच नाही. ती त्यांना चाटून गेली आहे. एका गोळीच्या वाटेत बोटभर फरक, आणि सारे हिंदुस्थानचे चित्र वेगळे.

भाचीने ही कथा वाचली आणि दुसऱ्या दिवशी मला विचारले, "मामा, पानिपत जिंकलो असतो तर आपल्या म्हैसूरचे काय झाले असते?"

तिच्या ‘जिंकलो’ आणि ‘आपल्या म्हैसूरचे’ या दोन शब्दांत केवढे अंतर आहे, हे तिच्या ध्यानात आले नव्हते, माझ्या आले. आम्ही श्रीरंगपट्टणला गेलो. म्हैसूरपासून ते सुमारे पंधरा किलोमीटरवर आहे. तेथे कावेरीच्या काठी बसून मी तिला सांगितले : १७६० साली याच किल्ल्यात खंडेरावाने हैदरअलीविरुद्ध उठाव केला आणि विसाजी कृष्ण बिनीवाल्यांच्या मराठी फौजेला मदतीस बोलाविले. हैदर रातोरात बंगळूरकडे पळाला. त्याचा डाव जवळजवळ संपला होता. पण त्याने मराठ्यांशी बोलणी लावली, आणि अनपेक्षित सौम्य अटींवर ती फौज परत फिरली. का? म्हैसूरला इंग्रजांचा वकील असलेल्या मार्क विल्क्स याने आपल्या इतिहासात या माघारीचा संबंध पानिपतच्या बातमीशी जोडला आहे. १४ जानेवारी १७६१ ला उत्तरेत जे झाले त्याने कावेरीच्या काठची फौज मागे खेचली. आणि त्याच वर्षी हैदर म्हैसूरचा खरा धनी झाला.

म्हणजे पानिपतच्या निकालावर हैदरचा उदय काही अंशी अवलंबून होता. आता साखळी पुढे न्यावी. हैदर आणि टिपू यांच्या फौजेत लोखंडी नळ्यांचे बाण होते. बाण इतरत्रही होते, मराठ्यांकडेही होते. पण लोखंडी नळीत दारू अधिक ठासून भरता येई, म्हणून म्हैसूरचे बाण दूर जात. १७८० साली पोल्लिलूरच्या लढाईत त्यांनी इंग्रजांची तारांबळ उडविली. १७९९ मध्ये टिपू पडला, तेव्हा हे बाण इंग्लंडला गेले. काँग्रिव्हने आपले बाण घडविले आणि १८०७ साली कोपनहेगनवर ते सोडले गेले. २०१८ साली शिवमोग्गा जिल्ह्यातील नगर येथल्या किल्ल्याच्या जुन्या विहिरीत अशा बाणांच्या हजाराहून अधिक नळ्या सापडल्या. हैदर नसता तर हे सारे थांबले असते असे नाही. दुसऱ्या कोणी, दुसऱ्या वाटेने, कदाचित उशिरा, तेच केले असते. पर्यायी इतिहासाचा खरा अभ्यास हाच : काय टळले असते आणि काय टळले नसते, यांतला भेद ओळखणे.

आणखी एक गोष्ट मी तिला सांगितली, ती जड मनाने. १७९१ साली टिपूवर चालून आलेल्या मराठी फौजेबरोबरच्या लोकांनी शृंगेरीचा मठ लुटला, आणि मठाच्या पुनःस्थापनेसाठी टिपूने द्रव्य पाठविले. शंकराचार्यांना त्याने लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत. टिपूच्या कारकिर्दीची दुसरी बाजूही कुर्ग आणि मलबार येथील लोकांना चांगली ठाऊक आहे. म्हणून ‘आपण जिंकलो असतो तर’ या वाक्यातले ‘आपण’ कोण, हे प्रत्येक वेळी तपासले पाहिजे. पर्यायी इतिहास हे पराभवाचे उट्टे काढण्याचे साधन नव्हे. जो लेखक हरलेली लढाई कागदावर जिंकून समाधान मानतो, त्याने दिव्यातला राक्षसच पुन्हा बोलाविला. चांगला लेखक एक गोळी चुकवितो आणि मग तिचे परिणाम, गोड असोत वा कडू, मुकाट्याने लिहून काढतो.

भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे हे बाण इथून उडाले आणि चंद्रापर्यंत गेले म्हणायचे." मी म्हटले, "अगं, सरळ नाही गेले. पुष्कळ हात बदलले, पुष्कळ देश फिरले. पण २३ ऑगस्ट २०२३ ला आपले यान चंद्राच्या दक्षिण भागात उतरले, तेव्हा त्या वाटेवरचा एक जुना टप्पा इथे होता, एवढे म्हणायला हरकत नाही."

श्रोतेहो, या कादंबऱ्या वाचून कोणी शास्त्रज्ञ होईल असे आश्वासन मी देत नाही. पण एखाद्या गृहीतकाचा शेवटपर्यंत पाठपुरावा करण्याची सवय लागेल, आणि जग आहे तसेच असायला हवे होते असे नाही, हे ध्यानात येईल. ज्यांच्या घरात मराठी ही केवळ जेवणाच्या पानावरची भाषा उरली आहे, त्यांनी मुलांच्या हाती प्रथम भागवतांचा व्हर्न द्यावा, मग नारळीकर. इंग्रजी ग्रंथ ती आपण होऊन शोधतील. माझ्या भाचीने सुटी संपताना ‘वामन’ सोबत नेला. परवा तिचे पत्र आले. हैदर पळाला नसता, पकडला गेला असता तर, अशी एक गोष्ट तिने लिहायला घेतली आहे. मराठीत. काही शब्द अडले म्हणून त्या जागा तिने कोऱ्या ठेवल्या आहेत, आणि ते मला विचारले आहेत.